आधी देवी, मग गरुड

आमच्या नाशकात गरुड पुढे असतो. चैत्रातल्या कामदा एकादशीला काळाराम मंदिरापासून दोन रथ निघतात, पुढे गरुडरथ आणि मागे रामरथ. गरुडरथ ओढायचा मान अहिल्याराम व्यायामशाळेचा, रामरथाचा मान रास्ते आखाडा तालमीचा. रामरथ गोदावरी ओलांडत नाही. गरुडरथ मात्र पलीकडे जाऊन गावातून फिरून येतो. मानकरी बुवा रामाकडे तोंड करून सगळी वाट उलट्या पावली चालतात. हे कळत्या वयापासून बघितलेलं. त्यामुळे गरुडाने पुढे जाऊन वर्दी द्यायची असते, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

तमिळनाडूत कुंभकोणमपासून दहाएक किलोमीटरवर नाच्चियारकोविल नावाचं गाव आहे. तिथे गरुड मागे असतो. मुद्दाम मागे असतो, आणि मागे राहता यावं म्हणून तो जड होतो, अशी तिथली श्रद्धा आहे. गरुड दगडाचा आहे. वर्षातून दोनदा, मार्गळी आणि पंगुनी या महिन्यांतल्या उत्सवात, तो माणसांच्या खांद्यावरून देवळाबाहेर येतो. मार्गळी म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, आणि पंगुनी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत.

माझी तिथे जाण्याची गरज खरं तर व्यवहाराची. आमचं दुकान भांडी बाजारात. तांब्या-पितळेची भांडी, आणि दिवाळीच्या आधी मुख्य गिऱ्हाईक समयांचं. गेली काही वर्षं बंगल्यांच्या वास्तुशांतीला लोक 'ती साऊथची मोठी समई' मागतात, पुरुषभर उंचीची, डोक्यावर हंस असलेली. ती समई नाच्चियारकोविलची. तिला तिकडे कुत्तुविळक्कु म्हणतात आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. व्यापाऱ्याकडून फोनवर माल मागवता येतो, पण माल जिथे ओततात ती जागा बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही. थोरल्या जाऊबाईंना म्हटलं, येता का? त्या म्हणाल्या, "उत्सवात गेलो तर येते. नुसती पितळ बघायला कोण येतंय!" म्हणून मार्गळी धरली.

डिसेंबरअखेरीस कुंभकोणमला जाणाऱ्याने एक ओळखून असावं, की तिथे गर्दी एका कारणाची नसते. काळी लुंगी नेसलेले अय्यप्पाचे भक्त शबरीमलैच्या वाटेवर देवळं घेत जातात. लाल साड्यांतल्या बायका मेलमरुवत्तूरच्या आदिपराशक्तीचं व्रत करत असतात. त्यात नवग्रहांच्या यात्रेच्या बसगाड्या, कारण राहूचं तिरुनागेश्वरम, गुरूचं आलंगुडी, शुक्राचं कंजनूर आणि सूर्याचं सूरियनारकोविल ही सगळी या गावाच्या आसपास. शाळांना नाताळची सुट्टी, परदेशातले नातेवाईक आलेले. लॉजमध्ये खोली आधी बुक केलेली नसेल, तर बसस्टँडसमोर बॅगांवर बसायची तयारी ठेवावी. आम्ही चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून मेन लाइनच्या गाडीने गेलो. सहाएक तास लागतात, आणि विल्लुपुरम सोडलं की खिडकीतून भातखाचरं संपतच नाहीत.

पहाटे साडेचारला लाउडस्पीकरवर तिरुप्पावै सुरू होते. संतकवयित्री आंडाळची तीस पदं, महिन्याचा एकेक दिवस एकेकीचा. झोप मोडली म्हणून कुरकुर करायची सोय नाही, कारण खाली रस्त्यावर तोवर बायका रांगोळ्या घालत असतात आणि शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून रांगोळीच्या मधोमध ठेवत असतात. ईशान्य मोसमी पावसाची शेपटी अजून गेलेली नसते, त्यामुळे अंगणाला ओल असते आणि पांढरं पीठ पटकन बसतं. डिग्री कॉफी पितळी डवरा-टंबलरमध्ये मिळाली. मी कॉफीआधी टंबलर उलटा करून बूड बघितलं, तर जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. (पत्रा पातळ होता. पर्यटकांसाठी चालतं.)

देवळं साधारण बाराला बंद होतात, ती चारला उघडतात. आपल्याकडचा माणूस दुपारी बाराला देवळाच्या बंद दारासमोर उभा राहून देवावर रुसतो, हे मी तिथे दोनतीन मराठी कुटुंबांच्या बाबतीत बघितलं. दुपार मोकळी मिळाली तर गोविंदपुरमला जावं. तिथे बोधेंद्र सरस्वतींचं अधिष्ठान आहे आणि २०११ साली प्रतिष्ठापना झालेलं विठ्ठल-रुक्मिणीचं भव्य मंदिर आहे. तमिळ गळ्यातून तुकोबांचे अभंग ऐकताना जाऊबाई पहिल्यांदा हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. इथे मराठी गाणं ऐकू येण्यात तसं नवल नाही. तंजावरच्या भोसल्यांचं राज्य व्यंकोजीराजांपासून १७९९ पर्यंत या भागावर होतं. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव, ज्यांना आपण बडोदेकर समजतो, त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा.

नाशिककराला या गावात आणखी एक ओळखीची खूण सापडते. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ भरतो. तोच गुरू सिंहेत असताना मासी महिन्यात मघा नक्षत्रावर पौर्णिमा आली, की कुंभकोणमला महामहम होतो. म्हणून दोन्हींचा फेरा बारा वर्षांचा, आणि तोही बरोबरीने चालणारा. आमचा मागचा सिंहस्थ २०१५-१६ चा, त्यांचा महामहम २२ फेब्रुवारी २०१६ चा. आमचा पुढचा २०२६ ते २०२८, त्यांचा २०२८. महामहमचं कुंड शहराच्या मध्यात आहे, सहा एकरांहून मोठं, काठाला सोळा मंडप आणि पाण्यात वीस विहिरी. एरवी ते रिकामं, स्वच्छ आणि जवळजवळ उदास वाटतं. पायऱ्यांवर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या.

१८ फेब्रुवारी १९९२ च्या महामहमला याच कुंडाकाठी चेंगराचेंगरी होऊन पन्नासच्या आसपास माणसं गेली. २७ ऑगस्ट २००३ ला आमच्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यात ३९ गेली. दोन्ही ठिकाणी तेच: सगळ्यांना एकाच घटकेला, एकाच पाण्यात उतरायचं होतं. नाशिकच्या माणसाला गर्दी म्हटलं की आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे हे बघायची सवय लागली आहे, ती २००३ नंतरची. म्हणून उत्सवातलं शहर बघायचं असेल, तर बारा वर्षांतल्या त्या एका दिवसाच्या मागे लागण्यापेक्षा शहरात मुक्काम करून शेजारच्या गावचा उत्सव गाठावा, असं माझं मत आहे. तिथेही गर्दी असतेच, पण ती थांबत थांबत चालते.

नाच्चियारकोविलची बस अरसलार नदी ओलांडून तिरुवारूरच्या रस्त्याला लागते. अर्ध्या तासात आपण बाजारपेठेत उतरतो. दोन्ही बाजूंना दुकानांत समया उभ्या, वीतभर उंचीपासून ते दुकानाच्या छतापर्यंत. ही कला पत्तर मंडळींची, म्हणजे तिथल्या कम्माळर कारागिरांची. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात नागरकोविलकडून इकडे आले, असं तेच सांगतात. का आले? मातीसाठी. कावेरीच्या काठची फिकट तपकिरी, पिठासारखी बारीक वाळू, तिला वंडल म्हणतात, ती साच्याला उत्तम.

कारखाना म्हणजे घरामागचं पत्र्याचं छप्पर. एक आजोबा उकिडवे बसून लाकडी चौकटीत ती वाळू भरत होते. ओलावा इतकाच, की मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा. त्यांनी नमुन्याचा भाग त्यात दाबला, वर दुसरी चौकट ठेवून पुन्हा वाळू ठोकली, मग चौकटी उघडून नमुना असा अलगद काढला की कडेचा एक कण ढळला नाही. मग पितळ ओतण्यासाठी बोटाएवढी वाट केली. जमिनीतल्या भट्टीत मूस लाल झालेली; मुशीत मोडके नळ, जुन्या घागरीचे तुकडे, तोट्या. रस ओतताना हिरवट ज्योत उठते, तो जस्ताचा धूर. आमच्या ओतारी गल्लीतही असाच वास यायचा. आता तिथे कपड्यांची दुकानं आहेत.

समई अखंड ओतत नाहीत. बैठक, दांडा, तेलाची पाच पाकळ्यांची वाटी आणि वरचा हंस असे चार भाग वेगळे ओततात, चरकावर चढवून कातरतात, कानस मारतात, आटे पाडतात आणि एकमेकांत फिरवून बसवतात. मुरादाबादचा माल दिसायला सारखा आणि किमतीला कमी असतो. फरक कळायला समई उचलावी लागते. इथल्या समईचा दांडा भरीव, बैठक जड. वाटी तेलाने भरून पाच वाती लावल्या तरी ती झुकत नाही. 'पुंपुहार' या तमिळनाडू सरकारच्या हस्तकला महामंडळाचंही केंद्र गावात आहे, तिथे भाव ठरलेले असतात. ज्याला घासाघीस जमत नाही त्याने तिथून घ्यावी. मी अर्थात घासाघीस केली. आजोबांचा नातू हिंदीत दुभाषी होता आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं खोटं बोलत होता. भाव मात्र योग्य ठरला.

त्या नातवानेच गावाची गोष्ट सांगितली. मेधावी ऋषींना वंजुळ वृक्षाखाली एक मुलगी सापडली, ती साक्षात लक्ष्मी. तिचं नाव वंजुळवल्ली. विष्णू तिला शोधत पाच रूपं घेऊन आले आणि त्यांनी मागणी घातली. ऋषी म्हणाले, देतो, पण या गावात सगळ्या गोष्टींत मान आधी माझ्या मुलीचा. देव कबूल झाले. म्हणून गाव नाच्चियारचं, देवीचं. गाभाऱ्यात दोघे शेजारी उभे आहेत, लग्नाला उभे राहिल्यासारखे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी हा एक. जुनं नाव तिरुनरैयूर. देऊळ बांधलं चोळ राजा कोच्चेंगण्णानने, ज्याची ख्याती शिवाची सत्तर देवळं बांधण्याची. वैष्णव संतकवी तिरुमंगै आळ्वार इथल्या देवाचे भक्त. ते कळ्ळर जमातीतले लढवय्ये सरदार. कुमुदवल्लीने त्यांना लग्नाआधी अट घातली की वैष्णव दीक्षा घ्या आणि वर्षभर रोज १००८ वैष्णवांना जेवू घाला. गुरू मिळेना, तेव्हा इथल्या नंबीने, म्हणजे देवाने, स्वतः त्यांना दीक्षा दिली असं मानतात. त्यांनी या एका स्थळावर शंभराहून जास्त पदं रचली. लग्नाच्या अटी बायकोच्या बाजूने घालायची या गावाची रीत जाऊबाईंना फार पसंत पडली.

आता मिरवणूक निघायची तर देवी हंसावर आणि देव गरुडावर. हंस सावकाश चालणारा, गरुड वाऱ्यासारखा. तो पुढे गेला तर वचन मोडतं. मग गरुड स्वतःचं वजन वाढवतो. सभामंडपातल्या त्याच्या गाभाऱ्यातून चार जण त्याला उचलतात. पुढे आठ, मग सोळा, बत्तीस, आणि देवळाबाहेर पडेपर्यंत चौसष्ट. कोणी एकशे अठ्ठावीसही सांगतात. परत येताना हाच आकडा उलटा उतरत जातो.

उत्सवाच्या चौथ्या दिवशी हा कल गरुड, म्हणजे दगडी गरुड, निघतो. संध्याकाळी आम्ही गोपुराच्या आतल्या बाजूला जागा धरली. देऊळ उंच बांधणीचं, गाभारा वर आणि उतरायला पायऱ्या. नादस्वर आणि तविल सुरू झालं तेव्हा छातीत घुमायला लागलं. आधी देवी आली. हंसावर, छत्रीखाली, हिरव्या रेशमात. ती पुढे जाऊन थांबली. नंतर बराच वेळ काहीच नाही. शेजारच्या बाईने आपल्या डब्यातला गरम पोंगल आमच्या हातावर ठेवला, ओळख ना पाळख.

मग 'गोविंदा, गोविंदा' असा एकच आवाज उठला आणि वरच्या पायरीवर गरुड दिसला. दगड दिसतच नव्हता. हारांच्या ढिगातून फक्त चेहरा आणि पंखांच्या कडा, वर देवाची उत्सवमूर्ती. उघड्या अंगाच्या, कमरेला वेष्टी घट्ट मारलेल्या माणसांनी बांबू खांद्यावर घेतलेले. यांना श्रीपादम् तांगी म्हणतात, देवाचे पाय पेलणारे. पायऱ्या उतरताना मागच्यांनी बांबू खाली घेतले आणि पुढच्यांनी हात वर करून तळव्यांवर तोलले, म्हणजे गरुड आडवा राहिला. एक पायरी, आणि थांबायचं. पुढचा एक जण माणसांकडे तोंड करून उलटा चालत होता आणि हाताने ताल देत होता. आमच्या बुवांची आठवण झालीच. माझ्यापासून दोन हातांवर एक पन्नाशीचा माणूस होता. खांद्यावर पंचाची घडी, आणि ती सरकली तेव्हा खाली दिसली गाठ, लिंबाएवढी, कातडं घट्ट होऊन चकाकणारी. ती एका उत्सवाची नव्हे, उभ्या जन्माची.

वजन खरंच वाढतं का? माझ्या दुकानदारी डोक्याने हिशेब मांडलाच. आतल्या दारातून चारआठांपेक्षा जास्त माणसं बाजूबाजूने मावणार कशी? तिथे चार पावलं न्यायचं असतं. बाहेर लांब बांबू आणि आडवे दांडे लावता येतात, वर देव, हार, छत्री असं ओझं चढतं, उतार असतो, वळणं असतात, आणि तासन् तास खांद्यावर ठेवून चालायचं असतं. मग माणसं वाढणारच. हा हिशेब मला पटतो. पण तो पटला म्हणून ती गोष्ट रद्द होत नाही, कारण गोष्ट वजनाची नाहीच, क्रमाची आहे. कोणी पुढे जायचं हे ठरलेलं आहे, आणि जो जास्त ताकदीचा त्याने त्यासाठी हळू चालायचं आहे. चौसष्ट माणसं एका लयीत चालायची तर ती हळूच चालणार, आणि ती हळू चालली की सगळी गल्ली हळू चालते. पोलिसांच्या शिट्ट्या मी फारशा ऐकल्या नाहीत. 'वळि विडुंग', वाट द्या, एवढंच कोणीतरी म्हणायचं आणि लोक भिंतीला टेकायचे.

गर्दी थोडी पांगल्यावर त्या गाठवाल्याला कारखान्यातल्या आजोबांच्या नातवामार्फत विचारलं. तो पाणी पीत होता. म्हणाला, जाताना जड असतो, येताना हलका. त्याचे आजोबाही हेच सांगायचे. वजन कुठून वाढतं म्हणून विचारलं तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढचा प्रश्न गिळला. गरुडाच्या नाकावरच्या खुणेची मात्र गोष्ट त्याने आपणहून सांगितली: शिल्पकाराने पंख पुरे केले तसा गरुड उडायला लागला, तेव्हा घाबरून त्याने दगड फेकून मारला, तो नाकाला लागला आणि गरुड इथेच बसला.

जाऊबाईंचा निकाल असा, की नाशिकचा रथोत्सव जास्त देखणा, पण इथे रेटारेटी कमी. मला दोन्ही मान्य आहे. रथाला दोर लावून ओढताना जोर दाखवायला वाव असतो. खांद्यावरचं ओझं तसा वाव देत नाही, एकाने घाई केली तर शेजारच्याचा खांदा जातो. सिंहस्थाच्या बैठकांतून बॅरिकेड, कॅमेरे, पार्किंग यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. त्या बैठकांतल्या दोघाचौघांनी एकदा मार्गळीत इथे येऊन या मिरवणुकीची चाल बघावी, असं मला मनापासून वाटतं. भाडं फार नाही.

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. मुक्काम कुंभकोणमला करा, खोली महिनाभर आधी ठरवा. कपडे साधे, पुरुषांनी वेष्टी किंवा धोतर नेलं तर उत्तम. चपला गाडीत किंवा खोलीवरच ठेवा, देवळापाशी ठेवल्या तर शोधण्यात रात्र जाईल. समई घ्यायची असेल तर ती मिरवणुकीच्या आदल्या दिवशी घ्या. मिरवणुकीच्या दिवशी कारागीरच खांदा द्यायला किंवा बघायला गेलेले असतात. घेताना भाग सुटे करून बघा, आटे स्वच्छ पाडलेले आहेत का ते तपासा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या. परतीची शेवटची बस कितीला आहे हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. आणि उत्सवाची तारीख तमिळ पंचांगावर चालते, इंग्रजी तारखेने दर वर्षी बदलते. म्हणून देवळात फोन करून चौथा दिवस कोणता ते विचारा, आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा.